शनिवार-रविवारचे हाडवैद्य

लाखांदुरात वाकलेला माणूस दिसला तर कोणी वळून बघत नाही. धानाचा मुलूख आहे. बाया पऱ्हे घेऊन बांधीत उतरल्या की रोवणी संपेस्तोवर कंबर सरळ होत नाही. आमच्या भाऊंना मात्र सरळ उभा माणूसही वाकडा दिसतो. आठवडाभर पतसंस्थेत पासबुके भरायची आणि शनिवार-रविवारी एसटीने परगावी जाऊन ऑस्टिओपॅथी, म्हणजे हातांनी मणके-सांधे दाबून-वळवून उपचार करायची विद्या, शिकायची, असे त्यांचे चालले आहे. कर्जाचा अर्ज घेऊन आलेल्याला ते आधी पाठमोरा उभा करतात. "तुमचा उजवा खांदा उतरला आहे जी." तो बिचारा जामीनदाराच्या काळजीत असतो.

या विद्येचा मूळपुरुष अमेरिकेतला अँड्र्यू टेलर स्टिल. पोरवयात डोके दुखले तेव्हा त्याने दोन झाडांना दोरी बांधली, तिच्यावर मान टेकवली आणि झोपला. दुखणे थांबले, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. १८७४ साली त्याने आपली पद्धत जाहीर केली, १८९२ साली मिसुरीतल्या कर्क्सव्हिल गावी शाळा काढली. हे ऐकून भाऊंनीही अंगणात दोरी बांधली. वहिनींनी तिच्यावर लुगडी वाळत घातली.

पुढे या विद्येला दोन फाटे फुटले. अमेरिकेत ऑस्टिओपॅथ म्हणजे पुरता डॉक्टर, औषध लिहितो, ऑपरेशन करतो. इंग्लंडात १९९३ च्या कायद्याने त्याला मान्यता आहे, पण काम हातांनी दाबण्या-वळवण्याचे. भाऊ सासुरवाडीत अमेरिकेचे असतात आणि ग्रामीण रुग्णालयासमोरून जाताना इंग्लंडचे.

अभ्यासात मात्र लबाडी नाही. मानेचे सात, पाठीचे बारा, कमरेचे पाच मणके एसटीच्या वेळापत्रकासारखे तोंडपाठ. बोटांना नजर यावी म्हणून एक गृहपाठ असतो: कागदाखाली केस ठेवून तो वरून चाचपायचा, सापडला की वर आणखी एक कागद. वहिनींचा लांब केस, वर जुन्या पेपराची पाने, भाऊ डोळे मिटून, जिभेचे टोक बाहेर. पाच पानांपर्यंत मजल गेली. सहाव्या पानाखालीही केस लागला तेव्हा ते आनंदाने ओरडलेच. वहिनी म्हणाल्या, "अजी, तो मी मघाशीच काढला."

भाऊ पैसे घेत नाहीत, तरी गिऱ्हाईकाची एक अट असते, कट्ट आवाज आला पाहिजे. तो आवाज हाड बसल्याचा नसतो, सांध्यातल्या पाण्यात वायूचा बुडबुडा झाल्याचा असतो, हे त्यांनी एकदा प्रामाणिकपणे समजावले. समोरचा म्हणाला, "मंग ग्यासची गोळीच द्या ना जी!"

हाताच्या उपचाराने दुखऱ्या कमरेला थोडाफार आराम पडतो, एवढे मी मानतो. त्याने पोटापासून दम्यापर्यंत सगळे बरे होते, हे काही मानत नाही. भाऊ सोमवारी सगळे मानतात. शुक्रवारपर्यंत उतरते. पण पडून आलेला, पायातली ताकद गेलेला किंवा लघवी अडकलेला माणूस दिसला की ते त्याला बोटही लावत नाहीत, थेट दवाखान्यात धाडतात. एवढी अक्कल पुरा कोर्स केलेल्या सगळ्यांना असते असे नाही.

गेल्या रोवणीत वर्गाहून परतताना एसटीतून उतरता उतरता त्यांच्याच पाठीत उसण भरली. घरच्यांनी न विचारता शेजारची पायाळू आजी बोलावली. भाऊ ओट्यावर पालथे. आजीने पाय उचलला तशी खालून सूचना सुरू झाली, "आजी, कमरेचा चौथा मणका, थोडं डावीकडे..."

"चूप पड बापा. मले मनके मोजता येत नाही."

तीनदा पाय लावून आजी खाली उतरली. दोन-तीन दिवसांत उसण गेली. ती तशीही जाते, असे भाऊंचे मत. पण त्या वेळी त्यांनी पडल्या पडल्या विचारले होते, "आजी, हे शिकायला किती वर्षं लागली?"

"शिकाले काय हाय त्यात? मी उलटी पैदा झाली, बस."