नानकटाईची टोपी

सासूबाई वर्ध्याहून पहिल्यांदा आमच्याकडे मेक्सिको सिटीत आल्या, तेव्हा मी मोठ्या उत्साहाने सांगितलं, “आई, संध्याकाळी पान दुल्से आहे.”

“सुपारी नको घालूस,” त्या म्हणाल्या. “दाताखाली येते.”

पान म्हणजे पाव आणि दुल्से म्हणजे गोड, हे समजावल्यावर त्यांचा चेहरा पडला. गोड विड्याची सर गोड पावाला कुठून येणार!

खरं तर मेक्सिको सिटीत घरी गोड पाव करणं म्हणजे पुण्यात घरी खारी करण्यासारखं आहे. शहाणी माणसं त्या फंदात पडत नाहीत. कोपऱ्याकोपऱ्यावर ‘पानादेरिया’ असते. आत शिरलं की पत्र्याची गोल थाळी आणि चिमटा उचलायचा नि हवे ते पाव थाळीत घ्यायचे. त्यांची नावंही काय एकेक! कान, शिंगं, मिशा, चुंबनं. या सगळ्यांची पट्टराणी म्हणजे कोंचा, अर्थात शिंपला. कोंचा आणि आपला शंख हे शब्द एकाच कुळातले, म्हणजे नातं जुनंच. मी घरी कोंचा करणार म्हटल्यावर खालच्या मजल्यावरच्या आजींनी काळजीने विचारलं, “का गं, पानादेरिया बंद झाली का?”

पण मला घरी करायचाच होता. मैदा, दूध, अंडी, साखर, लोणी आणि यीस्ट घालून पीठ मळलं. अंड्याबद्दल सासूबाईंचा नियम सोपा आहे: दिसत नाही ते चालतं. मग वरचा थर. मैदा, पिठीसाखर आणि लोणी समसमान. सासूबाईंनी बोटावर घेऊन चाटलं आणि निकाल दिला, “ही तर नानकटाई.”

अगदी खरं होतं. कोंचा म्हणजे नानकटाईची टोपी घातलेला पाव. या पिठाची पुरीएवढी चकती तळहातावर थापायची, पावाच्या गोळ्यावर बसवायची आणि वर कमानदार रेघा ओढायच्या. पाव फुगला की टोपी त्या रेघांवर तडकते आणि शिंपला उमटतो. रेघांचा इथे वेगळा साचा मिळतो. तो माझ्याकडे नव्हता, म्हणून करंजीचं कातणं काढलं. कातण्याने टोपीच ओढून आणली. शेवटी वाटीची कड कामाला आली.

हे सगळं अर्थात दुसऱ्या खेपेला. पहिल्या खेपेला गोष्ट टोप्यांपर्यंत गेलीच नाही. पीठ फुगायला दोन तास लागतात असं लिहिलेलं होतं, म्हणून तेवढ्यात सासूबाईंना शिक्षण मंत्रालयातली भित्तिचित्रं दाखवून आणू म्हटलं. तिथे डिएगो रिव्हेरांच्या एका चित्रात मेजाच्या टोकाशी बसून एक गृहस्थ पाव मोडताहेत. ते आपले पांडुरंग खानखोजे. वर्ध्याचे क्रांतिकारक. देशोदेशी फिरत मेक्सिकोत आले, चापिंगोच्या कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले, मक्यावर संशोधन करत राहिले. सासूबाई बराच वेळ मान वर करून उभ्या होत्या. “आपल्या गावचा माणूस,” त्या म्हणाल्या, “आणि साऱ्यांना वाढायला बसला.”

घरी आलो तर पीठ पातेल्यातून उतरून ओट्यावर निघालेलं. “अवं माय,” सासूबाई ओरडल्या, “हे तर चालून राह्यलं!”

चूक माझीच. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 2,240 मीटरवर आहे. कळसूबाईचं शिखर 1,646 मीटर. म्हणजे मी रोज कळसूबाईच्याही डोक्यावर सहाशे मीटर चढून कुकर लावते. हवेचा दाब कमी, त्यामुळे इथे डाळ शिजता शिजत नाही आणि पीठ मात्र भराभर फुगतं.

दुसऱ्या खेपेचे कोंचा बरे झाले. टोप्या जरा कलत्या होत्या, लग्नात दमलेल्या वऱ्हाड्यांसारख्या. मुलाने दोन खाल्ले आणि म्हणाला, “छान आहेत. पण कोपऱ्यावरच्यासारखे नाहीत.”

मी हार मानली नाही. 6 जानेवारीला तीन राजांच्या सणासाठी लांबट कड्यासारखा ‘रोस्का’ पाव भाजला. त्यात बाळ येशूची इवलीशी बाहुली दडवतात. ज्याच्या तुकड्यात बाळ निघेल, त्याने 2 फेब्रुवारीला सगळ्यांना तामाले खिलवायचे. मी बाहुली खालून खोचली आणि ती बाजू बरोबर नवऱ्यासमोर ठेवली. त्याने मातृभक्तीने ताट आईकडे फिरवलं.

सासूबाईंनी बाळाला धुतलं, पुसलं आणि देवघरात बाळकृष्णाशेजारी नेऊन ठेवलं. “दोघंही लहान आहेत,” त्या म्हणाल्या. “सोबत होईल.” 2 फेब्रुवारीला इथेही बाळ येशूला नवे कपडे घालून चर्चमध्ये नेतात, हे खालच्या आजींकडून कळल्यावर त्यांनी एकाच कापडातून दोन झबली शिवली.

तामालेचं त्यांनी फार मनावर घेतलं. चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचं पीठ आणलं. त्यात डुकराची चरबी फेसून घालतात, तिथे तूप आलं. पिठाची गोळी पाण्यात टाकून तरंगते का ते पाहायचं, तरंगेपर्यंत फेसायचं. आत त्यांनी इथल्या पिलोन्सियो गुळाचं नि खोबऱ्याचं सारण भरलं, वर वेलची, आणि मक्याच्या कणसाच्या भिजवलेल्या सालीत गुंडाळलं. खालच्या आजींनी एक युक्ती शिकवली. भांड्याच्या तळाशी पाण्यात एक नाणं टाकायचं. खुळखुळत राहिलं की पाणी आहे, आवाज थांबला की घाला. सासूबाईंनी बटव्यातून रुपया काढून टाकला. तासभर आमचं स्वयंपाकघर खुळखुळत होतं.

आजींनी दोन खाल्ले आणि नाव विचारलं. “पानगे,” सासूबाईंनी ठासून सांगितलं. मुलगा तिसरा सोलत म्हणाला, “आजी, असले कोपऱ्यावर मिळतच नाहीत.”

सासूबाई मार्चमध्ये परत गेल्या. कोंचा मी आता कोपऱ्यावरूनच आणते.