वसुलीवाल्याला मदत कशी करावी? नवशिक्यांसाठी प्राथमिक धडे

कर्जाला तारण लागतं, हा जुना गैरसमज आधी डोक्यातून काढा. आता सोनं नको, सातबारा नको. अ‍ॅप उतरवा आणि ते जे विचारेल त्याला 'अलाऊ' म्हणा. कॉन्टॅक्ट्स? अलाऊ. फोटो? अलाऊ. कर्जाच्या अ‍ॅपने फोनबुकला, कॉलच्या यादीला, फोटोंना हात लावायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ सालीच बजावलंय. पण नड आपल्याला आहे, रिझर्व्ह बँकेला नाही.

हप्ता चुकला की फोनबुक कामाला लागतं. 'बंडूमामा कोथरूड', 'साहेब नवीन नंबर', 'सुतार किचनवाला', सगळ्यांना फोन जातात. सुताराला तुमचं आडनावही ठाऊक नसतं, थकबाकीचा आकडा मात्र कळतो. पुढच्या कामाला तो पैसे आगाऊ मागतो. (त्याचं तरी काय चुकलं?)

आता तुमचा फोन वाजेल. "व्हेरिफिकेशनसाठी जन्मतारीख सांगा." लगेच सांगावी. 'आधी तुमचं नाव, कंपनी आणि कर्जखात्याचा नंबर सांगा' म्हणणं उद्धटपणाचं. अ‍ॅपवरच्या कर्जाची वसुली कोणाकडे दिली, हे कर्ज देणाऱ्याने आधी कळवायचं असतं. तसा मेसेज नसेल, तर काही संशयी माणसं फोन ठेवतात आणि करारावरचा नंबर स्वतः लावून खात्री करतात. तुम्ही आधारचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर धाडा, बाराही आकडे नीट दिसतील असा. शेवटचे चारच आकडे दाखवणारं 'मास्क्ड आधार' फुकट मिळतं, पण ते चिकट लोकांसाठी. ओटीपी मागितला तर तोही द्या. थकलेले पैसे घ्यायला ओटीपी कशाला, असले फाटे फोडू नका.

वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचे नसतात. तुम्ही मात्र रात्री साडेदहालाही उचला, आणि रेकॉर्डिंगचं बटण चुकूनही दाबू नका. दारात माणूस आला, तर ओळखपत्र आणि अधिकारपत्र न मागता खुर्ची द्या. बायकोच्या ऑफिसचा पत्ता त्याने विचारण्याआधीच सांगून टाकला, तर त्याची एक फेरी वाचते.

एवढं करूनही तुमचा फोटो फेरफार करून नातेवाइकांना पाठवला गेला, तर गप्प बसावं. सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हा नंबर आहे. कर्ज देणाऱ्याकडे लेखी तक्रार देऊन पोच घेता येते आणि तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट जाता येतं. पण त्यासाठी स्क्रीनशॉट लागतात, आणि ते तर तुम्ही लाजेपोटी केव्हाच डिलीट केलेत.