‘ण’चं गाव

माझा जन्म पेणचा. यात माझा काही दोष नाही, पण गावांच्या भेंड्यांत हे कुणी ऐकून घेत नसे. ‘प’ आला की बाकीची पोरं पनवेल, पंढरपूर म्हणून मोकळी व्हायची. मी अभिमानाने ‘पेण’ म्हणायचो आणि डाव जागच्या जागी मरायचा. तसा पुण्याचा शेवटही ‘ण’वरच होतो, पण पुण्याला नियम शिकवायला जाणार कोण?

आजोळ रोह्याचं. मे महिन्यात पापड-मिरगुंडांचा डबा मांडीवर घेऊन आम्ही दिवा–रोहा पॅसेंजरने जायचो आणि रात्री ओटीवर भेंड्या रंगायच्या. पंच मामा. त्यांचा कायदा साधा होता : ‘ण’ आला की ‘न’ घ्या, ‘ळ’ आला की ‘ल’ घ्या, आणि गाव असं सांगा जिथे एसटी जाते. मला ही सवलत अपमानास्पद वाटायची. माझ्या गावाचं अक्षर काय फाटकी नोट आहे, बदलून घ्यायला?

“गाव कसं, पुढच्याला वाट देणारं हवं,” मामा म्हणायचे. “आमचं रोहा बघ. ‘ह’ देतं. हमरापूर घे, हिंगोली घे, हैदराबाद घे. अख्खी कोकण रेल्वे आमच्यापासून पुढे निघते. तुझं पेण म्हणजे बंद फाटक!” मग चिंतामणराव देशमुखांचा दाखला यायचा : रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि घराणं रोह्याचं. मी म्हणायचो, “विनोबांचं गागोदे आमच्या पेण तालुक्यात आहे.” मामा शांतपणे म्हणायचे, “त्यांनी लोकांना जमिनी सोडायला लावल्या. तुला एक अक्षर सोडवत नाही.”

खरं तर एकट्या पेणला दोष देण्यात अर्थ नव्हता. महामार्गाने पेण सोडलं की पुढे वडखळ, म्हणजे ‘ळ’. एका बाजूला उरण, दुसऱ्या बाजूला नेरळ. रायगड जिल्ह्याच्या गावांचं बारसं करताना भेंड्या खेळणाऱ्या कुणालाही बोलावलेलं नव्हतं, हे उघड आहे.

या अक्षरांची परवड पहिलीच्या तक्त्यापासूनच सुरू होते. कमळ ‘क’चं, बदक ‘ब’चं, सगळे आपापल्या घरात पहिल्या मानाने राहतात. ‘ण’ मात्र बाणाच्या शेपटाला लोंबकळतो आणि ‘ळ’ला बाळाच्या मागे उभं करतात. ‘ण’ पुरणात आहे, सारणात आहे, वरणात आहे, सणात तर आहेच. पेणच्या कारखान्यांतून हजारोंनी मूर्ती बाहेर पडतात, त्या गणपतीच्याही पोटात आहे. पंगतीत तो कुठेही बसेल, फक्त पहिल्या पाटावर नाही.

मोठा झालो, नोकरीला लागलो, पण हे शल्य गेलं नाही. रविवारचं शब्दकोडं सोडवतानाही उभ्या शब्दाचं शेवटचं अक्षर ‘ण’ आलं आणि तिथूनच आडवा शब्द सुरू होत असला, की कोडं चुकलं नसून मीच चुकलोय हे कळायचं. शब्दकोश काढून बसायचो. ‘ढ’ची पानं संपली की शब्द सरळ ‘त’चे. मध्ये ‘ण’चं घर आहे, पण त्यात वस्ती नाही.

आणि मग एक दिवस प्राकृत सापडली! सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ ज्या महाराष्ट्री प्राकृतात आहे, तिथे ‘न’ची जागा ‘ण’ने घेतलेली. वररुचीने व्याकरणात तसा नियमच करून ठेवलाय. नदी ती ‘णई’, नगर ते ‘णअर’, नयन ते ‘णअण’. म्हणजे पुढेही तोच, मागेही तोच! शिवाय सातवाहनांची राजधानी कोणती, तर पैठण. मला भरून आलं. आमचं अक्षर पूर्वी पहिल्या पाटावर बसत होतं. कुणीतरी मधल्या काळात उठवलं.

परवा मामांना रोह्याला सोडायला निघालो, तेव्हा ही तोफ खिशात होती. पेणला गाडीत बसल्या बसल्या भेंड्या काढल्या. मामा आता ऐंशीच्या पुढे, पण “हूं, ‘प’,” म्हणाले.

“पेण. आणि आता तुम्ही हरलात तर मी सांगतो : णअर!”

“हे कुठे आलं?”

“दोन हजार वर्षांपूर्वी. मामा, याच पुराव्यांवर ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळालाय.”

“मिळू दे की. एसटी जाते का?”

समोर टोपली घेऊन बसलेल्या आगरी मावशी इतका वेळ ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, भांडण कशावरून? मी सांगितलं, पेणच्या ‘ण’वरून. त्या हसल्या. “कला ‘ण’? आमचे गावान पेनच बोलतान.”

मामांनी टाळी मागितली आणि मावशींनी दिली. शाळेत जाऊन मी जे अक्षर पणाला लावून बसलो होतो, ते गावानेच केव्हाचं सोडून दिलं होतं. आयुष्यभराचा खटला, आणि साक्षीदार फुटला तो माझ्याच गावचा.

“चल, ‘न’,” मामा म्हणाले.

“नागोठणे,” मी पुटपुटलो आणि जीभ चावली. पुन्हा ‘ण’!

“नागोठना,” मावशींनी दुरुस्त केलं. गाडी नागोठण्यात शिरतच होती.

“म्हणजे परत ‘न’. निडी!” मामा खिडकीबाहेर बघत म्हणाले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. पेन, नागोठना, निडी. मधलं कासू तेवढं सोडा. आमची गाडी इतकी वर्षं रोह्यापर्यंत भेंड्याच खेळत जात होती. मीच ‘ण’ धरून फलाटावर उभा.

निडी मागे पडलं, कुंडलिकेकाठचं गाव जवळ आलं. ‘ड’ माझ्यावर होता आणि मला काही सुचेना. मामा उठले, धोतर झटकलं.

“मी सांगतो ‘ड’वरून. डबा घे. रोहा आलं.”