नव्वद रुपयांचा दावेदार

मंद्रूपमध्ये राहून ज्वारी विकत आणणारा माणूस मुळातच संशयास्पद. चहूकडे काळं रान, रब्बीत मालदांडी डोलते, आणि आमच्या नावावर कुंडीएवढीही जमीन नाही. म्हणून सोलापुरातल्या एका दुकानातून तीस किलोचं पॅकबंद पोतं आणलं. अठराशे रुपये, वर पाच टक्के जीएसटी. नव्वद.

घरी आल्यावर बायकोने ज्वारी पाहिली, मी बिल पाहिलं. लेबल लावलेल्या पॅकबंद धान्यावर 18 जुलै 2022 पासून कर आहे खरा, पण पंचवीस किलोपर्यंतच्या पिशवीवर. तीस किलोला नाही!

“सोडा ओ, नव्वद रुपये,” ती म्हणाली.

“प्रश्न तत्त्वाचा आहे.”

“तत्त्व असू दे. आधी पोतं आत घ्या.”

रात्री मी कायद्यात शिरलो. 1872च्या करार कायद्याचं कलम 72 : चुकून मिळालेला पैसा परत केलाच पाहिजे. त्याच्याच जोरावर 1958 मध्ये बनारसच्या एका सराफी पेढीने भरलेला विक्रीकर सर्वोच्च न्यायालयातून परत मिळवला होता. मी उशी उभी करून टेकून बसलो. पुढे 1996चा मफतलाल खटला निघाला. नऊ न्यायमूर्तींपुढे! व्यापाऱ्याने कर गिऱ्हाइकाच्या खिशातून आधीच काढला असेल, तर सरकारकडून तो पुन्हा त्याला मिळायचा नाही. नाहीतर ती अन्यायकारक समृद्धी. मग पैसा जातो ग्राहक कल्याण निधीत. म्हणजे नुकसान माझं आणि कल्याण समस्त ग्राहकांचं. भार सोसणाऱ्याने स्वतः मागायची वाट होती, पण जीएसटी कायद्याचं कलम 54 हजाराच्या खालचा परतावा देत नाही. त्यातही ही मर्यादा केंद्राच्या आणि राज्याच्या कराला वेगवेगळी. माझ्या नव्वदातले पंचेचाळीस दिल्लीचे, पंचेचाळीस मुंबईचे. बावीस पोत्यांवर 990 होतात, दहा रुपयांनी हुकतं. तेवीस पोती चुकीच्या बिलाने घेतली असती, तर मी पात्र ठरलो असतो. दोघांच्या घरात सहाशे नव्वद किलो ज्वारी.

सकाळी विजापूर रोडने पुन्हा सोलापूर. पेट्रोल नव्वदाच्या पुढे गेलं होतं, पण ते तत्त्वाच्या खात्यावर. दुकानात मी कलम 72 पासून सुरुवात केली, बनारसवरून मफतलालवर आलो. नऊ न्यायमूर्ती म्हणताना आवाज जरा चढला. मागे रांग लागली. एका आजीने विचारलं, “ह्यांचं काय हरवलंय?”

दुकानदाराने शांतपणे बिल उलटसुलट पाहिलं.

“पोरानं चुकीचा रेट टाकला ओ सर. क्रेडिट नोट काढतो की.”

एवढ्यावर खटला निकाली. कायद्यात कलम 34 नावाचं सरळ दार होतं आणि मी रात्रभर सर्वोच्च न्यायालयाच्या भिंतीवरून चढत होतो. मी हात पुढे केला.

“रोख नाही सर,” तो म्हणाला. “पुढच्या पोत्यात वळते करतो.”