वाण दिलं, गुण लागला

पनवेल लोकलमधून जुईनगरला उतरलेला बाप जिन्यावरच मोबाइल उघडतो. मुलीच्या वर्गाच्या ग्रुपवर बाईंचा निरोप असतो: ‘उद्या प्रत्येकाने फिनाईलची एक बाटली व ए-फोर कागदाचा एक रीम आणावा. स्वेच्छेने.’ खाली: ‘अंतर्गत गुण भरणे चालू आहे.’ या दोन वाक्यांचा परस्परांशी संबंध आहे, असं बाई कुठेही म्हणत नाहीत. तो जोडायला पालक खंबीर असतात.

दुकानदार न विचारताच रीम काढतो. “दहावी ब ना? अ-वाले कालच घेऊन गेले.”

घरी मुलीकडे दरपत्रक तोंडपाठ. “पप्पा, अर्धा लिटर नको. मागच्या वेळी कुंडी नेली त्याला अठरा मिळाले, खडूचा डबा नेला तिला चौदा.” ढवळ्याशेजारच्या पवळ्याला वाण नाही पण गुण लागला होता, इथे वाण दिल्याशिवाय गुण लागत नाही. याच जुईनगरात नोव्हेंबर 2017मध्ये चोरांनी भाड्याच्या दुकानातून बँकेच्या लॉकरपर्यंत भुयार खणलं होतं. त्यामानाने बाटली देऊन गुणांपर्यंत पोचणाऱ्या पालकांचं काम हलकं.

आणि वीस गुण म्हणजे काही चिल्लर नव्हे. 2019च्या दहावीला राज्य मंडळाने भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे 20 अंतर्गत गुण काढून घेतले, तर 2018चा 89.41 टक्क्यांचा निकाल घसरून 77.10वर आला. ओरड झाली, गुण परत आले, 2020चा निकाल 95.30! (त्यात करोनाने रद्द झालेल्या भूगोलाचाही थोडा हात होता म्हणा.)

गुरुदक्षिणेच्या परंपरेचं नाव पुढे करावं, तर तीही पंचाईत. वरतंतू ऋषींना काही नकोच होतं. दक्षिणा घ्याच म्हणून शिष्य कौत्सानेच डोकं खाल्लं, तेव्हा चिडून त्यांनी चौदा विद्यांचे चौदा कोटी मागितले. तेही विद्या संपल्यावर. द्रोणाचार्यांचा दाखला मात्र चपखल बसतो. एकही तास न घेता थेट अंगठा!

दक्षिण कोरियात 2016च्या लाचविरोधी कायद्यापासून शिक्षकदिनी विद्यार्थ्याने परस्पर एक फूलही द्यायचं नाही. वर्गाच्या प्रतिनिधीने सगळ्यांदेखत दिलं तर चालतं. आपल्याकडे शिक्षणहक्क कायद्याचं 13वं कलम प्रवेशाच्या वेळी देणगी घेऊ देत नाही. दंड देणगीच्या दहापटीपर्यंत. म्हणजे बाटलीमागे दहा बाटल्या. पण हा कायदा आठवीपर्यंतचा, आणि बाटली मागितली दहावीत, तीही ऐन सहामाहीत.

बाईंना फिनाईल काही घरी न्यायचं नसतं. वेतनेतर अनुदान रखडलं की खडू-खराट्याची चिंता मुख्याध्यापकांकडून घरंगळत वर्गशिक्षिकेपर्यंत येते. तिच्या हातात द्यायला असतात फक्त गुण.

सकाळी रेल्वेपुलाखालून जाताना दप्तरात बाटलीचं झाकण सैल होतं. सामाजिक शास्त्रांची प्रकल्पवही पांढऱ्या पाण्यात न्हाऊन निघते. बाई नाकाला पदर लावून पानं उलटतात, बाटली कपाटात ठेवतात आणि लाल पेनाने लिहितात: वीसपैकी एकोणीस. एक गुण वहीच्या अस्वच्छतेबद्दल कापला.