शेपटी कापा, हरकत नाही

७,३९,३९,१३३. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस. रुपयांत असता तर हा आकडा माझ्या वाट्याला फक्त बिल्डरच्या जाहिरातीत आला असता. संख्या म्हणून मात्र ती मी फुकटात बाळगून आहे.

ही मूळ संख्या आहे. म्हणजे १ आणि ती स्वतः, एवढे सोडले तर तिला कुणाचाच भाग जात नाही. आता मूळ संख्यांना तोटा नाही. त्या अनंत आहेत हे युक्लिड दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सिद्ध करून बसला आहे. हिची खुबी शेपटीत आहे. शेवटचा ३ उडवा, ७३९३९१३ उरते, तीही मूळ. पुन्हा कापा, ७३९३९१, मूळ. मग ७३९३९, ७३९३, ७३९, ७३ आणि अखेर ७. सात वेळा कात्री चालली तरी बाईंचा बाणा कायम.

माझ्या लेखांचं असं होत नाही. जागा कमी पडली की संपादक शेवटून कापतात आणि एसटीत बसलेले मामा कुठल्या गावी उतरले, हे वाचकांना कधीच कळत नाही.

ही सगळी कथा मी सासऱ्यांना सांगितली. ट्रेझरीत हयात गेलेला माणूस, स्वतः ताळा केल्याशिवाय देवाचाही हिशेब पास करायचा नाही. "जावईबापू, पेन्सिल द्या," म्हणाले आणि कॅलेंडरच्या पाठीवर ७३९ घेऊन बसले. २, ३, ५ नजरेनेच बाद. सातने भागलं, बाकी ४. अकराने २, तेराने ११, सतराने ८, एकोणिसाने १७, तेविसाने ३. "एकोणतिसाचा वर्ग ८४१, म्हणजे पुढे जायला नको. पास!" मग ७३९३. त्यासाठी ८३पर्यंतच्या तेवीस मूळ संख्या लागल्या, दोन चहा लागले. आख्ख्या संख्येसाठी ८५९८पर्यंतच्या हजारावर मूळ संख्यांनी भागावं लागेल, असं सांगितल्यावर त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "तुमच्यावर विश्वास आहे," म्हणाले. लग्नानंतर प्रथमच.

आकाराने मोठ्या संख्यांचा रुबाब वेगळा. ऑक्टोबर २०२४मध्ये सापडलेली मूळ संख्या चार कोटी दहा लाखांहून अधिक अंकांची आहे. दोनाचा १३,६२,७९,८४१वा घात करायचा आणि त्यातून एक वजा करायचा. तिचा शेवटचा अंक १. तो नुसता पुसा, उरलेल्या धिप्पाड देहाला तीनने निःशेष भाग जातो. पहिल्याच कात्रीत पहिलवान आडवा!

मग आमच्या बाईंना नववा अंक जोडून आणखी उंच का करू नये? सम अंक जोडला तर दोनने भाग जातो. ० किंवा ५ लावला तर पाचने. १ जोडला तर अंकांची बेरीज ३९, ७ जोडला तर ४५. दोन्हीकडे तीन दबा धरून आहे. राहिले ३ आणि ९. त्यांनाही लपलेले भाजक निघतात. शेपटी कापूनही मूळ राहणाऱ्या अशा संख्या दशमान पद्धतीत अवघ्या ८३ आणि त्यांत हीच सर्वांत मोठी.

हे सगळं मी संपादकांना रंगवून सांगितलं. कापाकापीबद्दल त्यांना थोडी लाज वाटावी, हा अंतस्थ हेतू. ते शांतपणे म्हणाले, "तिला आठाच्या पुढे जाऊ नये हे कळतं. तुम्हाला ते मी कळवतो."