पॅकेज किती?

जळगावात मेहरूण तलावाच्या ट्रॅकवर सकाळी फिरणाऱ्यांकडे दोन बातम्या हमखास असतात: कोणाची शुगर किती आणि कोणाच्या पोराचं पॅकेज किती. दोन्ही आकडे सांगता सांगता बदलतात. शुगर खाली येते, पॅकेज वर जातं.

गिरणेकाठी विद्यापीठाच्या व्यवस्थापन प्रशाळेत किंवा शहरातल्या एखाद्या एमबीए कॉलेजात कॅम्पस इंटरव्ह्यू झाले, की मुलगा घरी पोहोचायच्या आत त्याचा आकडा मेहरूणला पोहोचलेला असतो. निघताना तो साडेतीन लाख असतो, इच्छादेवी चौकात चार होतो आणि तलावाला एक फेरी झाली की ‘पाचाच्या घरात’ जातो. मुलाचा बाप खरा आकडा सांगायला तोंड उघडतो, तोवर कोणीतरी म्हणतं, “काय भाऊ, आता भरीत पार्टी पक्की ना?” भरीत म्हटल्यावर आकडा दुरुस्त करत बसणारा बाप खानदेशात विरळाच.

दुसऱ्या दिवशी पेपरात सत्काराचा फोटो येतो. एका पुष्पगुच्छाला सात हात लागलेले असतात आणि ज्याचा सत्कार तो कडेला, अर्ध्या कानानिशी दिसत असतो. अंगातला ब्लेझर मोठ्या भावाचा असावा, कारण बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. बातमीच्या पहिल्या चार ओळी व्यासपीठावरच्या मान्यवरांना जातात. उत्तीर्ण झाल्याचा खरा आनंद त्यांनाच झाला असावा, असं वाटतं.

थट्टा सोडा, अशा बातम्या छापून याव्यातच. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी एमबीए झालं, तिथे ते कात्रण देवघराशेजारी लागतं. अडचण एवढीच, की बातमीला मार्चअखेरची घाई असते आणि कर्तृत्वाला नसते.

वाकोदच्या भवरलाल जैनांचंच बघा. त्यांना उपजिल्हाधिकारी होण्याची संधी होती. आजच्या हिशेबाने चौकाचौकात फ्लेक्स लागले असते. पण आईचा सल्ला मानून ती नोकरी त्यांनी नाकारली आणि 1963मध्ये सात हजार रुपयांच्या भांडवलावर रॉकेल विकायला सुरुवात केली. त्या दिवसाचा फ्लेक्स कोणी लावला असता? ‘रॉकेलच्या धंद्यात पदार्पणाबद्दल हार्दिक अभिनंदन’! ट्रॅकवर तर हळहळच झाली असती: “चांगली साहेबाची नोकरी होती भो!” पुढे त्याच माणसाने ठिबक सिंचन शेताशेतात नेलं, पण ही बातमी व्हायला बरीच वर्षं जावी लागली.

आणि ज्यांचं नाव या मुलांच्या पदवीवर छापलेलं असतं, त्या बहिणाबाई चौधरी? 1990मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठाला 2018मध्ये त्यांचं नाव मिळालं. असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. ओव्या त्या रचायच्या, कागदावर उतरवायचे दुसरेच. 1951मध्ये त्या गेल्या आणि 1952मध्ये पुस्तक आलं, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. हयातीत त्यांनी कॉलेजचा ‘विशेष प्रावीण्य’ फॉर्म भरायचा म्हटला असता, तर शिक्षण: निरंक, अनुभव: शेती, प्रकाशने: निरंक. पहिल्याच चाळणीत अर्ज बाद. पॅकेजचा रकाना तर विचारूच नका.

म्हणून आमच्या कॉलेजांना एक नम्र सूचना. सत्कार यंदाचा यंदाच करा, पुष्पगुच्छाला सात काय, दहा हात लावा. फक्त फॉर्मच्या तळाशी एक रकाना कोरा ठेवा आणि त्यावर लिहा: ‘वीस वर्षांनी भरावे’. तेव्हा मुलाला नोकरी कोणी दिली ते न विचारता, त्याने किती जणांना दिली ते विचारा. तोवर पाचाच्या घरातला आकडा खाली उतरवायची गरज नाही. भरिताच्या वांग्यांचा खर्च त्यावरच ठरलाय.